सरजाबाईला तळ्यावर कुणी नेलं

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी जीप आहे. किनवटच्या सागवानी जंगलातून पाहुण्यांना तळ्यावरच्या कड्यापर्यंत नेणं हे माझं काम. वाट कसली, ओढ्याची वाळूच ती. पण माझा मालक व्यंकटी सगळ्यांना सांगायचा, "ही हाय तोवर कड्यावर जायची काळजी न्हाई." ते ऐकून मला फार बरं वाटे.

त्या तळ्यात व्यंकटीच्या आईचं, सरजाबाईचं, गाव बुडालं आहे. धरणाचं पाणी आलं तेव्हापासून ती तिकडे फिरकली नव्हती. कधीतरी तिला मीच नेणार, अशी माझी आस होती.

मग दारात एक पांढरी गाडी आली. तिला हार चढला आणि माझ्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या. हेव्यानं माझा जीव जळे. तिला ओरखडा पडला की मला आतून गार वाटे.

यंदा उन्हाळ्यात तळं आटलं आणि गावची विहीर उघडी पडली. ते कानावर येताच सरजाबाई म्हणाली, "मला न्या."

"माय, नव्या गाडीत बस. गुडघ्याला हिसके बसायचे न्हाईत," व्यंकटी म्हणाला.

माझ्या वाट्याला पाण्याचे कॅन आणि जेवणाचे डबे आले. मला व्यंकटीची बायको उज्वला चालवत होती. ओढ्यात मी पांढरीच्या पुढे जायला जोर केला आणि रुतले. शेवटी पांढरीनंच दोरानं मला ओढून काढलं. मित्रांनो, याहून मोठी नामुष्की नसते.

कड्यावर पांढरीला मागे सावलीत लावलं, मला उन्हात, अगदी काठाजवळ. सरजाबाई हळूहळू आली आणि माझ्या बॉनेटला टेकली. खाली विहिरीचं गोल तोंड दिसत होतं, शेजारी चिंचेचा काळा बुंधा.

"त्या चिंचेखाली माझं लगीन लागलं," ती उज्वलाला म्हणाली. "इतकं जवळ व्हतं. गाव बुडवलं त्या रागानं मी आलेच न्हाई."

ऊन उतरेपर्यंत ती तशीच टेकून होती. मी जराही हलले नाही.

परतताना मात्र ती पांढरीतच बसली. काचेतून मला दिसलं, तिला शांत झोप लागली होती. माझ्या हिसक्यांत तशी झोप लागली नसती, हे मला कळत होतं. तरी हेवा गेला नाही.

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुन्याला दारात नुसतं उभं ठेवू नका. टायरात हवा भरा, अधूनमधून वाळूतून फिरवून आणा. काम हाती असलं की हेवा थोडा वेळ तरी विसरता येतो.