ओळीच्या सुरुवातीचं टिंब

धाकटीला घरात सगळे धाकटीच म्हणत, कारण ती धाकटी सून होती. आणि ऑफिसातही धाकटीच म्हणत, कारण ऑफिस घरचंच होतं. चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चार टेबलं, आणि या सगळ्यावर मालकी तिच्या थोरल्या दिरांची. दवाखान्यांना, दुकानांना कॉम्प्युटर लावून द्यायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे, हा धंदा. दिरांना कॉम्प्युटरमधलं यथातथाच कळे, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, हे यंत्र यांच्याच घरी जन्माला आलंय.

प्रोग्रॅम मात्र धाकटीनं लिहिला होता. प्रयोगशाळा रक्ताचे रिपोर्ट मेलनं पाठवते, ते सर्व्हरवर पडून राहतात, आणि दवाखान्यात कुणीतरी बिचारं दिवसभर ते शोधत बसतं. धाकटीचा प्रोग्रॅम आपणहून सर्व्हरचं दार वाजवायचा, नाव सांगायचा, परवलीचा शब्द द्यायचा, किती मेल आलेत ते विचारायचा आणि एकेक उचलून ज्याचा रिपोर्ट त्याच्या नावाखाली डॉक्टरांच्या पडद्यावर ठेवायचा. ऐकायला सोपं. पण सर्व्हर हा खाष्ट सासऱ्यासारखा असतो. त्याच्याशी त्याच्याच शब्दांत बोलावं लागतं, एक अक्षर इकडचं तिकडं झालं की तोंड फिरवतो. त्याची मर्जी सांभाळण्यात तिचा सगळा हिवाळा गेला. पहिला मेल अख्खा पडद्यावर उतरला तेव्हा ती खोलीत एकटीच होती, आणि एकटीच हसली.

मग तो प्रोग्रॅम दिरांचा झाला. कसा झाला म्हणाल तर आयत्या बिळावर नागोबा होतो तसा. आधी उघडल्या उघडल्या पहिल्या पडद्यावर त्यांचं नाव झळकू लागलं. मग व्यापाऱ्यांच्या सभेत त्यांनी तो दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटी त्या सभेला हजर होती, खुर्च्या लावायला. घरी आल्यावर थोरल्या जाऊबाई कौतुकानं म्हणाल्या की यांना झोपेतसुद्धा प्रोग्रॅम सुचतात. झोपेतच सुचत असणार, असं धाकटीच्या मनात आलं, कारण जागेपणी तर ते कुणी पाहिलं नव्हतं.

तिनं दिरांना विचारलं. भांडली नाही, सरळ विचारलं की भाऊजी, निदान कुठंतरी माझं नाव घालाल का. ते हसले, अगदी प्रेमानं हसले.

"अगं, घरातलंच आहे ना? माझं काय नि तुझं काय."

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, जाऊ दे. त्याचं सगळं आयुष्यच जाऊ दे होतं. पण धाकटीच्यानं जाऊ देववेना. तिला कौतुकाचा सोहळा नको होता. तिला एवढंच हवं होतं की त्याच माणसानं, त्याच तोंडानं, चार लोकांसमोर म्हणावं, हे हिनं लिहिलंय. हे एक वाक्य तिच्या डोक्यात असं बसलं की भाजी चिरताना, फरशी पुसताना ती ते दिरांच्या आवाजात ऐकायची, आणि ते येत नाही म्हणून दात खायची.

अशात एके दिवशी तिला आपल्याच प्रोग्रॅममधली चूक सापडली. मेल संपला हे सर्व्हर कसं सांगतो? एका ओळीत नुसतं एक टिंब देतो, बाकी काही नाही. टिंब आलं की समजायचं, संपलं. धाकटीनं घाईत प्रोग्रॅमला ओळीचं फक्त पहिलं अक्षर पाहायला शिकवलं होतं. म्हणजे एखादी ओळ टिंबानंच सुरू झाली, कुणी शून्याचा आळस करून नुसतं '.८' लिहिलं, की प्रोग्रॅम मेल संपला म्हणून मोकळा. सर्व्हर उरलेला मजकूर ओतत राहायचा, आणि प्रोग्रॅम त्यालाच पुढच्या प्रश्नाचं उत्तर समजून भ्रमिष्टासारखा करायचा.

दुरुस्ती दोन ओळींची होती. तिची बोटं टाइप करायला निघालीसुद्धा. मग नजर वर गेली आणि पडद्यावरचं दिरांचं नाव दिसलं. प्रोग्रॅम त्यांचा ना? मग चूकही त्यांचीच. खड्डा त्यांच्या अंगणात आहे, आपण कशाला बुजवायचा. तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. बऱ्याच दिवसांनी तिला त्या संध्याकाळी छान भूक लागली.

घोडामैदान फार लांब नव्हतं. शहरभर दवाखाने असलेल्या एक डॉक्टरबाई प्रोग्रॅम पाहायला ऑफिसात येणार होत्या. हे गिऱ्हाईक लागलं की दिरांची चांदी होती. त्यांनी खिडक्यांना नवे पडदे लावले आणि धाकटीला नमुन्याचे थोडे रिपोर्ट सर्व्हरवर पाठवून ठेवायला सांगितलं. म्हणजे गळ तिच्या हातात देऊन मासाच म्हणाला, टाक.

तिनं अगदी मन लावून काम केलं. चांगले, सरळ रिपोर्ट पाठवले, पण त्या सगळ्यांच्या आधी एक वेगळा पाठवला. दिसायला भोळा, पण मधोमध एक ओळ टिंबानं सुरू होणारी. तो पहिला ठेवला, कारण मागं रांग असली म्हणजे गोंधळ मोठा होतो. तिला मोठाच हवा होता. त्या दिवशी ती इस्त्रीचे कपडे घालून आली. तमाशा बघायला जायचं तर नीटनेटकं जावं.

डॉक्टरबाई आल्या, सोबत त्यांचा हिशेबनीस. ऑफिसातला दुरुस्ती करणारा माणूसही हातातलं काम टाकून बघायला उभा राहिला. दिरांनी दोन शब्द म्हणून वीस शब्द केले आणि ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर रिपोर्ट उतरला, अर्धा. मग लाल अक्षरं आली: सर्व्हरचं उत्तर समजलं नाही. दिरांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. ते हसले, तिसऱ्यांदा दाबलं, आणि त्यांचे कान लाल झाले. हिशेबनिसानं घड्याळ पाहिलं. धाकटी भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या पोटात गार गार वाटत होतं.

मग दीर वळले आणि तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "खरं सांगायचं तर हा माझा नाहीच. हे सगळं हिनं लिहिलंय. मी आपला विश्वास ठेवला."

आलं. तेच वाक्य, त्याच तोंडून, चार लोकांसमोर. धाकटीला रागही आला आणि हसूही आलं, आणि दोन्ही तिनं लपवलं नाही.

"हो, माझाच आहे," ती म्हणाली. "पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत माझा. भाऊजींनी त्यात फक्त आपलं नाव घातलंय."

डॉक्टरबाईंनी दिरांकडे पाहिलं. दीर नव्या पडद्यांकडे बघत होते. इतक्या दिवसांचं उट्टं व्याजासकट निघालं होतं, आणि तिनं तिथंच थांबावं ना. पण डॉक्टरबाईंनी विचारलं की रिपोर्ट इथंच का तुटला, आणि धाकटीला राहवेना. सगळं कुणाला कळतं ते एकदा दिसू दे, म्हणून तिनं टिंबाची सगळी कथा झरझर सांगितली. दुरुस्ती करणारा माणूस वा म्हणाला.

डॉक्टरबाई पडद्याजवळ सरकल्या आणि तुटलेल्या ओळीवर बोट ठेवलं. असा रिपोर्ट रांगेत सगळ्यात शेवटचा असला तर काय होतं, असं त्यांनी विचारलं.

हा विचार धाकटीनं केलाच नव्हता. शेवटचा असला तर प्रोग्रॅमला पुढं काही मागायचं नसतं. तो सर्व्हरचा निरोप घेतो आणि गुपचूप बंद होतो. लाल अक्षरं नाहीत, काही नाही. तिनं हे सांगितलं तेव्हा आवाज अर्धा झाला होता.

डॉक्टरबाईंनी मान हलवली. दिरांनी हा प्रोग्रॅम त्यांच्या दवाखान्यांत पंधरवड्यापूर्वीच लावून दिला होता, आधी वापरून बघा, विकत घ्यायचं मग ठरवा म्हणून. धाकटीला कुणी सांगितलंच नव्हतं. गेल्या आठवड्यात एका म्हातारीचा रिपोर्ट असाच अर्धा आला. प्रयोगशाळेनंच एवढा पाठवला असेल असं समजून त्यांनी तिला पुन्हा रक्त द्यायला बोलावलं. तिची नस सापडेना. दोन्ही हात काळेनिळे झाले, आणि तरी ती बाई जाताना सॉरी म्हणून गेली. बाकी कुणाकुणाचं अर्धंच वाचून औषध दिलं गेलंय, ते अजून बघायचं होतं.

"ही चूक तुम्हाला केव्हा कळली?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. दिरांनी मान वर केली होती.

"बरेच दिवस झाले," धाकटी म्हणाली. मग म्हणाली की तुमच्याकडे लावलाय हे मला माहीत नव्हतं. ते खरं होतं, पण तिच्याच कानाला ते सबबीसारखं लागलं.

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. पर्स उचलत त्या दिरांना म्हणाल्या, "तुम्हाला यातलं काही कळत नव्हतं. तुम्हाला मी समजून घेईन." मग धाकटीकडे वळल्या. "तुम्हाला कळत होतं."

दिरांच्या तोंडावर अशी कळा आली, जशी परीक्षेला न बसताच पास झालेल्या माणसाच्या तोंडावर यावी. ते बाईंना सोडायला खालपर्यंत गेले, जिन्यात त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, हळू, समजूतदार. दुरुस्ती करणारा माणूस आपल्या टेबलाकडे गेला.

धाकटीनं त्या दोन ओळी लिहिल्या. पाच मिनिटांचंसुद्धा काम नव्हतं. मग एकेका दवाखान्याला फोन करून, पाठवलेला दुरुस्त प्रोग्रॅम लावा आणि आलेले सगळे रिपोर्ट सर्व्हरवरून पुन्हा उतरवून तपासा म्हणून सांगायला बसली. पहिल्याच ठिकाणी फोन उचलणारी मुलगी वैतागली. आधीच गर्दी आहे, त्यात हे. असला प्रोग्रॅम लिहिला तरी कुणी, असं तिनं विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली, आणि फोन ठेवून दुसऱ्या दवाखान्याचा नंबर फिरवला.