बाराव्या ओळीवरचं नाव

मित्रांनो, खरं सांगायचं तर हे मी लिहिणारच नव्हतो. माझ्यावर नेहमी दुसऱ्यांनीच लिहिलं. आणि यात चूक उदयची आहे, माझ्या माणसाची. पण राहवलं नाही.

मी एक जुना पांढरा बोर्ड आहे. २००२ साली इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या एका ऑफिसनं मला स्किपमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीत टाकलं. कोपरा चेपला होता, एवढंच. उदयनं उचललं, गॅरेजमध्ये टांगलं आणि माझ्यावर बारा ओळी आखल्या. त्याची फुटबॉल टीम. तो कॅप्टन.

आमच्या मराठी मंडळाच्या लीगची एक पद्धत होती. भारतातून नवीन आलेले खेळाडू एप्रिलमध्ये वाटून घ्यायचे. त्याला सगळे ड्राफ्ट म्हणायचे. गेल्या वर्षी जी टीम तळाला, तिची निवड पहिली. म्हणजे बहुतेक आमचीच! आणि एखादी टीम मोडली की तिचे खेळाडू मोकळे, कोणीही घ्या. पण नावं बाराच.

२००४ च्या ड्राफ्टमध्ये उदयनं मिलिंदला घेतलं. तेव्हा मिलिंदला बॉल नीट अडवताही यायचा नाही. दर गुरुवारी ऑफिसमधून थेट गॅरेजमध्ये यायचा. उदय माझ्यावर बाण काढायचा, मिलिंद बघत राहायचा. तीन वर्षांत डावी बाजू त्याची झाली. तिकडून कोणी जायचं नाही.

मग २००७ च्या मेमध्ये शेजारच्या मेडनहेड गावची टीम मोडली. त्यांचा रघुवीर मोकळा झाला. काय गोल मारायचा!

टीममधला जयंत म्हणाला, "कॅप्टनसाहेब, तुम्ही माणसं घडवा. घडली की व्हिसा संपतो, ती जातात, आपण तळाला. एकदा तयार माणूस आण की! रघुवीर इथे पर्मनंट आहे."

"आणि काढू कोणाला?"

"मिलिंदला. जूनमध्ये प्रोजेक्ट संपतोय ना त्याचा."

उदयनं फडकं उचललं. बाराव्या ओळीवरचं मिलिंदचं नाव पुसून रघुवीरचं लिहिलं. यादी मंडळाला ईमेल केली.

गुरुवारी मिलिंद आला. माझ्याकडे बघून थांबला.

"माझं नाव?"

"अरे, तू जूनमध्ये चाललायस ना..."

"प्रोजेक्ट दोन वर्षं वाढलाय. शनिवारी पेढे आणणार होतो."

"मला वाटलं..."

"विचारायचं ना, उदय. एक फोन."

"यादी गेली रे. आता बदलत नाहीत."

मिलिंद निघून गेला.

रघुवीरनं सहा मॅचमध्ये नऊ गोल मारले. सगळ्यांनी मला मधे धरून फोटो काढला. मला छान वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ऑगस्टमध्ये रघुवीरला केंब्रिजला नोकरी लागली. त्याचा काय दोष? पर्मनंट माणूसही जातो. आणखी एकाचा गुडघा सुजला. सेमीफायनलला दहाच जण उतरले. आमच्यावर चार गोल झाले, चारही डावीकडून.

मित्रांनो, घडवलेला चांगला की तयार चांगला, मला माहीत नाही. दोघांचीही नावं माझ्यावर सारखीच उमटतात. पण फडकं उचलण्याआधी माणसाला विचारा. फळ्याला दुखत नाही, माणसाला दुखतं.

सप्टेंबरमध्ये मिलिंद जर्सी परत द्यायला आला. धुऊन, इस्त्री करून. उदयनं ती घेतली नाही.

"चुकलो रे मी. पुढच्या वर्षी खेळशील?"

"माहीत नाही."

"नको खेळूस हवं तर. पण यापुढे कोणाचंही नाव काढायचं झालं, तर आधी त्याच्या घरी जाऊन विचारीन. तुला शब्द देतो, मिलिंद."