झाडून सगळी फुलं

वसंतात आमच्या विद्यापीठाचं रूप बघावं. वाचनालयापासून मुख्य इमारतीपर्यंत दोन्ही बाजूंची झाडं गुलाबी होतात आणि खाली पडलेल्या फुलांनी अख्खा रस्ता झाकून जातो. मी इथला माळी, त्यामुळे कौतुक मीच करणार. रस्ता झाडायला माझा मेव्हणा असतो. त्याला इथे चिकटवलाही मीच, म्हणून तक्रार करायची सोय नाही.

परवा माहितीपत्रकासाठी फोटोग्राफर येणार होता. आदल्या दिवशी कुलसचिवबाई मेव्हण्याला म्हणाल्या, "रस्त्यावरची झाडून सगळी फुलं फोटोत आली पाहिजेत हं."

सकाळी येऊन बघतो तर रस्ता आरशासारखा लख्ख, औषधालाही पाकळी नाही. वाचनालयाच्या दारात मात्र छातीइतका उंच गुलाबी ढीग, आणि शेजारी खराटा घेऊन, फोटोसाठी भांग पाडून उभा माझा मेव्हणा.

"अरे, हे काय करून ठेवलंस?"

"बाईंनीच सांगितलं. झाडून. सगळी."

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात बाई आल्या. ढीग बघून त्यांचा पारा चढला, पण फोटोग्राफर फाटकात पोचला होता.

"निदान माणसं तरी दिसू देत रस्त्यावर," त्या मेव्हण्याला म्हणाल्या. "जा, झाडून सगळ्या प्राध्यापकांना इथे आण."

मेव्हण्याने खराटा सरसावला आणि अदबीने विचारलं, "त्यांचा ढीग वेगळा करू, की यातच?"