समोरून येणाऱ्याला काय दिसतं?

संध्याकाळी गाडी चालवताना आपल्याला पूर्वीसारखं दिसत नाही, ही गोष्ट माणूस सहसा स्वतःशीसुद्धा कबूल करत नाही. मग दोष रस्त्यावर जातो, नगरपालिकेवर जातो आणि कुठेच चिकटला नाही, तर गाडीच्या दिव्यांवर येऊन बसतो. भाऊसाहेबांचंही तसंच झालं.

भाऊसाहेब औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होते. गिऱ्हाइकांनी दिलेलं हे नाव घरीदारी सगळीकडे रूढ झालं होतं. वय एक्कावन्न. डॉक्टरांचं किड्यामुंग्यांसारखं अक्षर एका नजरेत वाचणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. सात वाजता दुकानातली पाळी संपली, की शाळेत गणित शिकवणाऱ्या बायकोला तिच्या शिकवणीवरून घ्यायचं आणि सहा किलोमीटरवरचं घर गाठायचं, हा त्यांचा नेम. निम्मा रस्ता रोपवाटिकांमधून जायचा. तिथले खांबांवरचे दिवे असून नसल्यासारखेच.

एका संध्याकाळी त्याच रस्त्यावर कडेला उभी असलेली हातगाडी त्यांना दिसलीच नाही.

"अहो, समोर बघा!" बायको किंचाळली. भाऊसाहेबांनी ब्रेक दाबला. गाडी हातगाडीपासून हातभर अंतरावर थांबली.

त्यांनी गाडी मागे घेऊन पुन्हा रस्त्याला लावली. मग बायको म्हणाली, "डोळे तपासून घ्या बरं एकदा. चार वर्षं झाली चष्म्याला."

"डोळ्यांना काय धाड भरलीय? दिवसभर मुंगीएवढी अक्षरं वाचतो मी. दिवे मंद आहेत गाडीचे. बघ ना, रॉकेलच्या चिमणीसारखे."

भाऊसाहेबांचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिला बाहेर काढणं कठीण. त्या रात्री त्यांनी मोबाइलवर एकापाठोपाठ एक व्हिडिओ पाहिले. प्रत्येकात एक हसतमुख माणूस पाच मिनिटांत गाडीचे दिवे बदलून दाखवत होता. "मेकॅनिकची गरजच नाही!" असं तो म्हणाला, की भाऊसाहेब मान डोलवत. चार दिवसांनी पार्सल आलं. पांढऱ्याशुभ्र एलईडी बल्बांची जोडी. मागे चिमुकला पंखा.

रविवारी दुपारी ते पार्किंगमध्ये बाह्या सरसावून बसले. पाच मिनिटांच्या कामाला साडेतीन तास लागले. जुने बल्ब निघाले, नवे बसले. पण मागच्या पंख्यामुळे दिव्याचं रबरी झाकण लागेना. ते त्यांनी कात्रीने कापून बसतं केलं. शेवटी एक स्क्रू हाती लागला. तो फिरवला की भिंतीवरचा उजेड वर सरकायचा. जितकं वर, तितकं लांबचं दिसणार, असा सरळ हिशेब करून त्यांनी तो चांगला चार फेरे फिरवला.

"आता बघ!" त्यांनी बायकोला हाक मारून दिवे लावले. समोरची भिंत चुना मारल्यासारखी पांढरी झाली.

"अगंबाई!" बायको डोळ्यांवर हात धरत म्हणाली. "हे जरा जास्त नाही का होत?"

"उजेड कधी जास्त होतो का?"

सोमवारी रस्ता खरोखरच लख्ख झाला. पण त्याच दिवसापासून भाऊसाहेबांच्या आयुष्यात एक विचित्र गोंधळ सुरू झाला. समोरून येणारा जो तो त्यांच्याकडे बघून दिव्यांची उघडझाप करायचा. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, पुढे पोलीस उभे असतील. पोलीस कुठेच नव्हते. दुसऱ्या दिवशी वाटलं, दार उघडं राहिलं असावं. थांबून चारही दारं बघितली, डिकी बघितली, टायर लाथेने ठोकून बघितले. सगळं ठाकठीक. तिसऱ्या दिवशी एक ट्रकवाला खिडकीतून ओरडत गेला. त्यातला "डोळे" एवढाच शब्द त्यांच्या कानी पडला.

"हल्ली लोक फार चिडके झालेत," ते बायकोला म्हणाले.

चौकात एका मोटारसायकलवाल्याने तर काचेवर टकटक केली. "काका, दिवे खाली घ्या ना!"

"खालीच आहेत!" भाऊसाहेबांनी बटण दाखवलं. "हे बघा, खाली. हे वर."

त्याने एकदा बटणाकडे, एकदा भाऊसाहेबांकडे पाहिलं आणि तो डोकं हलवत निघून गेला. भाऊसाहेबांना काही उलगडेना. आपण तर नियमाने वागतोय! आणि आणखी एक कोडं होतं, जे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. गाडीपुढचा तुकडा दुधासारखा दिसत होता खरा, पण त्याच्या पलीकडचा अंधार पूर्वीपेक्षा जास्तच काळा वाटत होता. उजेड वाढला, मग अंधार कसा वाढला?

पुढच्या गुरुवारी रात्री जेवणाच्या वेळेला त्यांची थोरली बहीण घरी आली. ताई खालच्याच मजल्यावर राहायची. कापड कारखान्याची बस ती अठरा वर्षं चालवत होती. शिवणयंत्रावर काम करणाऱ्या चाळीस बायकांना रोज नेणं-आणणं हे तिचं काम. आज तिच्या मनगटाला पट्टी होती आणि चेहरा उतरलेला होता.

"काय झालं गं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"परवा पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर समोरून एक गाडी आली. दिवे असे, की डोळ्यांत कुणी मूठभर वाळू फेकावी! मला काही म्हणजे काही दिसेना. ब्रेक मारला, बस फुटपाथवर चढली. पुढच्या सीटवरच्या एकीचा ओठ फुटला, दोन टाके पडले."

"अरे!" भाऊसाहेबांनी ताट बाजूला सारलं. "अशा माणसांची लायसन्स काढून घ्यायला हवीत! रस्ता काय बापाचा आहे त्यांच्या?"

"आणि ऐक ना. मॅनेजरने मला लेखी खुलासा मागितलाय. म्हणे, बाई, तुमचं वय झालं, नजर गेली असेल. डोळे तपासायला धाडलं. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत! तरी अजून बस दिलेली नाही. बायकांमध्येही कुजबुज सुरू झालीय, की ताईंनाच दिसलं नाही."

"किती वाजता झालं हे?" बायकोने विचारलं.

"सव्वासात."

भाऊसाहेबांचा पाण्याचा पेला ओठांपाशीच थांबला. परवा, मंगळवार. त्या दिवशी बायकोची शिकवणी नव्हती, ते एकटेच होते. सव्वासातला ते टाकीच्या आसपासच असायचे.

"गाडी... गाडी कोणत्या रंगाची होती?" त्यांनी हळूच विचारलं.

"रंग? अरे भाऊ, डोळे दिपल्यावर रंग कुठला दिसतो? माणूस दिसत नाही, गाडी दिसत नाही. म्हणून तर मी कुणाकडे बोट दाखवू शकत नाही!"

ताई गेली. बायको नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. ते बघणं भाऊसाहेबांना फार जड गेलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं डोकं ठिकाणावर राहीना. मंगळवारी आपल्यासमोर बस आली होती का? आली असेल. एखादी बस रोजच येते. ती फुटपाथवर चढली असती, तर आपल्याला कळलं नसतं का? पण वळणानंतर आपण आरशात कुठे बघतो? असे दिवे हल्ली किती जणांच्या गाडीला असतात! मग आपणच कशावरून? आणि आपण नाही, हे तरी कशावरून? दुकानात एका आजीबाईंना एकच गोळी घेण्याची वेळ त्यांनी तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा आजीबाईच म्हणाल्या, "भाऊसाहेब, बरं नाही का वाटत? घरी जा तुम्ही."

दोन दिवस ते लांबच्या रस्त्याने घरी गेले. तिथेही लोकांनी दिवे मारलेच.

शनिवारी घरी परतल्यावर ते ताईच्या दारात उभे राहिले. "ताई, मी दिवे बदललेत गाडीचे. मंगळवारी सव्वासातला मी त्याच रस्त्यावर होतो. पण तो मीच होतो की नाही, मला खरंच कळत नाहीये गं. मी तर दिवे खालीच ठेवले होते."

ताई रागावेल, असं त्यांना वाटलं होतं. ती रागावली नाही. चपला घालायला तिने जरा जास्त वेळ घेतला, तेवढंच.

"चल," ती म्हणाली. "तुझ्या बायकोलाही घे. कारखान्याच्या आवारात माझी बस उभी आहे, वॉचमन किल्ली देईल. अंधारही पडलेलाच आहे."

आवारात पोचल्यावर ताईने भावाला बसच्या चालकाच्या सीटवर बसवलं आणि बसचे दिवे लावले. मग ती स्वतः त्याच्या गाडीत जाऊन बसली आणि पन्नासेक पावलांवर तिने ती बसकडे तोंड करून उभी केली.

"तुझी बायको समोरून चालत येईल," तिने ओरडून सांगितलं. "दिसली, की हॉर्न वाजव. सोपं आहे!"

मग तिने गाडीचे दिवे लावले.

भाऊसाहेबांनी झटकन मान वळवली. पुन्हा समोर बघितलं. पांढरंफेक. काच, आवार, भिंत, आभाळ सगळं नाहीसं झालं होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी हात आडवा धरला, डोळे बारीक केले, वाट पाहिली. बायको काही येईना. चालायला लागली नसेल अजून. तिला ऐकू गेलं नसेल. ते वाट बघत राहिले.

"अगं, तिला सांग ना निघायला!" शेवटी ते ओरडले.

ताईने दिवे बंद केले. हळूहळू अंधाराला आकार आला. बायको बसच्या तोंडाशी, दहा पावलांवर, हाताची घडी घालून उभी होती!

"मी कधीची इथे उभी आहे," ती म्हणाली. "साठपर्यंत आकडे मोजले मी. तुम्ही सरळ माझ्याकडेच बघत होतात."

भाऊसाहेब बसमधून उतरायला लागले ते पायऱ्यांवरच बसले. बसचं इंजिन सुरू असतं तर? ती पुढे निघाली असती तर? बायकोच्या जागी कुणी दुसरं असतं, कुणाची तरी बायको, तर?

ताई येऊन शेजारी बसली. "बटण खाली केलं म्हणजे उजेड खाली जातो, असं नाही रे. तुझ्या दिव्याची वाटी जुन्या बल्बसाठी बनवलीय. त्या बल्बची तार जिथे पेटते, नेमका तिथलाच उजेड धरून ती रस्त्यावर टाकते. त्यात भलताच बल्ब बसवला, की उजेड वाट फुटेल तिकडे पळतो. शिवाय तू उंचीचा स्क्रूही फिरवला असणार. आणि गाडीच्या पुढ्यात लख्ख झालं, की डोळ्यांना त्याचीच सवय होते, लांबचं मग दिसत नाही. तू म्हणत होतास ना, दिवे खालीच आहेत? तू खोटं बोलत नव्हतास. पण तू दिव्यांच्या मागे बसला होतास. समोर काय होतं, ते तुला कसं कळणार?"

"आणि त्या लोकांनी एवढं सांगितलं, तर मी त्यांनाच चिडके म्हटलं!" भाऊसाहेब पुटपुटले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडी मेकॅनिककडे नेली. जुने बल्ब परत बसले, नवं झाकण आलं, भिंतीसमोर गाडी उभी करून दिव्यांची उंची नीट लावली गेली. मेकॅनिकने दिव्यांच्या पिवळ्या पडलेल्या काचा घासून पॉलिश केल्या, तेव्हा निम्मा दोष तिथेच होता असं कळलं. उरलेला निम्मा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कळला. चष्म्याचा नंबर दोन पायऱ्या पुढे गेला होता. नव्या चष्म्यातून रस्ता काही दिवसासारखा लख्ख दिसला नाही. संध्याकाळचा रस्ता दिसावा तसा दिसला. भाऊसाहेबांनी वेग कमी केला. घरी पोचायला सात-आठ मिनिटं जास्त लागू लागली.

पण एक काम बाकी होतं. दुकानातून अर्धी सुट्टी काढून ते कारखान्याच्या मॅनेजरसमोर जाऊन उभे राहिले आणि लेखी निवेदन टेबलावर ठेवलं. मॅनेजरने ते दोनदा वाचलं.

"म्हणजे चालकाचे डोळे दिपवणारी ती गाडी तुमची होती?"

"ते मला माहीत नाही साहेब."

"मग हे कशाला आणलंत?" मॅनेजर बुचकळ्यात पडले.

"मी असेन किंवा नसेन. पण तो मी असू शकलो असतो, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. त्या प्रकाशापुढे कुणालाच दिसत नाही. मी बसमध्ये बसून अनुभवलंय. दोष ताईच्या नजरेचा नाही. तुम्हाला खात्री करायची असेल, तर तसे दिवे लावून तुम्हीही बसून बघा."

मॅनेजरने बसून बघितलं की नाही, ते ठाऊक नाही. पण पुढच्या सोमवारी बस ताईच्या हाती परत आली. ओठाला टाके पडलेल्या बाईंना भाऊसाहेब स्वतः भेटले आणि सगळं सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "मी तर चार जणींना सांगितलं होतं, की ताईंचीच चूक आहे. आता त्या चौघींना गाठायला हवं." आणि माफीबिफीचं काही न बोलता त्या खरंच त्या कामाला लागल्या.

वाचकहो, आपल्या हातून रस्त्यावर होणारी इजा पुष्कळदा आपल्याला दिसतच नाही. आपण पुढे निघून जातो आणि मागे राहिलेल्याला आपला चेहराही ठाऊक नसतो. असा अपराध कुणी पकडत नाही, म्हणून तो आपल्यालाच पकडावा लागतो. गाडीचे दिवे आपल्याला दिसावं म्हणून असतात, तितकेच समोरच्याला दिसावं म्हणूनही असतात. तेव्हा एक करा. एखाद्या संध्याकाळी आपली गाडी घरातल्या कुणाच्या तरी हाती द्या, दिवे लावायला सांगा आणि पन्नास पावलं चालत जाऊन तिच्यासमोर उभे राहा.