लाल दोऱ्याने शिवलेला कागद

टेपकाकूंना गळ्यात शिवणाची टेप नसताना कोणी पाहिलं असेल तर ते त्यांच्या आईनेच, आणि तेही पाळण्यात. गल्लीच्या तोंडाशी चाळीस वर्षं त्यांचं दुकान होतं. त्या मशीनवर बसायच्या आणि काका शेजारच्या स्टुलावर काजं करायचे. काका गेले आणि शटर खाली आलं. आत तेरा सदरे काजांवाचून लटकत राहिले.

नणंदेने त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते बरंच केलं. पण दर महिन्याला ती आतही यायची आणि शेजारची खुर्ची अडवून बसायची.

"कशा आहात?" डॉक्टर विचारायचे.

"मस्त!" नणंद सांगायची. "परवा टीव्ही बघताना हसलीसुद्धा."

"बातम्या होत्या, वन्सं."

"हसलीस ना? झालं तर!"

बोलण्याचं आणि काकूंचं कधी जमलंच नाही. गिऱ्हाइकाशीसुद्धा खांदा, छाती, उंची एवढंच बोलणं. म्हणून त्यांना तो कागद आवडला होता. आत जाण्याआधी खिडकीवरची बाई तो भरायला द्यायची. त्यावर नऊ प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे शून्य ते तीन असे आकडे. त्रास जितका जास्त, तितक्या मोठ्या आकड्याला गोल करायचा. काकू कोपऱ्यात बसून, माप टिपावं तशा काळजीने गोल करायच्या.

आणि डॉक्टर तो कागद न बघता फायलीत सरकवायचे!

"मी माणूस वाचतो, कागद नाही," असं त्यांनी खिडकीवरच्या बाईला सांगितलेलं काकूंच्या कानावर आलं होतं. माणूस तसा लाखातला, पण माप घेऊन वहीत लिहायचं आणि कापायच्या वेळी वही न उघडताच कात्री चालवायची, ही कुठली रीत? त्यांच्या पांढऱ्या कोटाची डावी बाही बोटभर लांब होती, तीही बहुधा अशाच कुणीतरी शिवली असावी.

पाचव्या महिन्यात काकूंनी भरलेला कागद दुमडला, पर्समधून सुई काढली आणि तिन्ही बाजूंनी लाल धावदोरा घातला.

"अहो काकू, हे काय?" खिडकीवरची बाई म्हणाली.

"असू दे. उघडला तर कळेल."

सहाव्या महिन्यात त्या नवा कागद न भरताच आत गेल्या, तेव्हा फाईल टेबलावर होती आणि तिच्यातून लाल दोरा डोकावत होता.

"चेहरा किती टवटवीत दिसतोय!" डॉक्टर म्हणाले. "आता दर महिन्याला यायची गरज नाही. आज फाईल बंद करू या."

"बघ, वहिनी! मी म्हटलं नव्हतं?" नणंद म्हणाली.

काकूंना घरी कुणाला सांगता येत नव्हतं, दुकानात तर पाऊल टाकवत नव्हतं. एक कागद तेवढा होता, तोही आता बंद. त्यांनी हात पुढे केला, फायलीतून तो शिवलेला कागद ओढून काढला आणि त्यावर आपली छोटी कात्री ठेवली.

"उसवा."

"हे... हे काय आहे?"

"मागच्या महिन्याचा कागद. एक टाका हललेला नाही."

डॉक्टरांचे कान लाल झाले. त्यांनी दोरा खेचला.

"ओढू नका, फाटेल. एकेक टाका कापा."

त्यांनी कागद उघडून वाचला. मग आधीचे चार काढून शेजारी मांडले. नणंद वाकून बघू लागली. "अगंबाई! दुसऱ्या प्रश्नाला पाचही वेळा तीन?"

"कशातच रस वाटत नाही, जवळजवळ रोज," डॉक्टरांनी सावकाश वाचलं. "काकू, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"बोलता आलं असतं तर लिहिलं कशाला असतं? पाचदा सांगितलं मी."

"चुकलं माझं," डॉक्टर म्हणाले आणि नणंदेकडे वळले. "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता?"

"मी? मी कुठे काही बोलतेय?"

"बसा, वन्सं," काकू म्हणाल्या. "बाहेर टीव्ही आहे. बातम्या लागल्यात."

दार लागलं. डॉक्टरांनी दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि तिथूनच विचारायला सुरुवात केली. त्या बोटाकडे बघत बघत काकूंनी तेरा सदऱ्यांची गोष्ट सांगितली. मशीनवर बसलं की शेजारचं स्टूल दिसतं, म्हणाल्या. एवढं त्या वर्षभरात बोलल्या नव्हत्या. फाईल काही बंद झाली नाही.

उठताना त्यांनी बाहीकडे बोट दाखवलं. "तो कोट द्या इकडे. सहा महिने डोळ्यांत खुपतोय."

कोट तीन आठवडे त्या तेरा सदऱ्यांसारखाच, पण घरच्या खुंटीवर लटकला. चौथ्या आठवड्यात काकूंनी अर्धं शटर वर केलं.

पुढच्या भेटीला डॉक्टरांनी दारातच त्यांच्या हातून कागद घेतला आणि उभ्याउभ्या वाचला.

"दुसऱ्या प्रश्नाला या वेळी दोन?"

"अडीच होते. पण अडीच कुठे छापलाय तुम्ही?"

"आणि माझा कोट?"

काकूंनी पिशवीतून कोट काढून त्यांच्या पुढ्यात धरला. "कच्ची टीप घातलीय. घालून बघा आणि कुठे टोचतं ते नीट सांगा. पक्की पुढच्या महिन्यात."