सत्यवतीच्या नावाची डाळ

माह्या नातीले, गुंजनले, डोळ्यानं दिसत नाही. तोंड मात्र माह्यावर गेलं. परवा मैत्रिणीचं नाव घेऊन म्हणते, "मेघाच्या घरी मी एकटीच जाईन. तू हात धरायचा नाही."

"आधी रस्ता बोटानं वाचून दाखव, मग जा," मी म्हटलं.

तिच्या शाळेतल्या मुग्धा मॅडम पोरायले हातानं वाचायचे नकाशे शिकवतात. पुठ्ठ्यावर चिकटवलेली सुतळी म्हणजे रस्ता, डाळीचा दाणा म्हणजे घर. "नकाशा म्हणजे वाढलेलं ताट," मॅडम म्हणे. "भाजी कुठं, मीठ कुठं, बोट फिरवलं की कळते." ताट वाढण्यात प्रताप नगरात माहा हात कोण धरते? मीच बसली आमच्या गल्लीचा नकाशा करायले.

आमच्या घरासाठी अख्खी सुपारी लावली. गुंजननं बोट फिरवलं अन् खिदळली. "आजी, आपलं घर तर रस्त्यावर आलं वं! सगळी घरं सारखी लागतात, मॅडमनं सांगतलं हाये."

नाक मुरडत सुपारी काढली, तिथंही डाळच लावली. पुढं लहानूची आटाचक्की, मग मेघाचं घर.

"चक्कीनंतरचं फाटक मेघाचं," गुंजननं घडाघडा सांगतलं. पास! काठी घेऊन निघाली. मी फाटकातच उभी.

चक्की गेली. पुढचं फाटक आलं अन् पोट्टी आत शिरली. ते तर सत्यवतीचं!

सत्यवती माही धाकटी जाऊ. माह्या भिवापुरी मिरचीले पाहुण्यायपुढं "फिकी" म्हणाली, तेव्हापासून बोलणं बंद. तिचं फाटक आलं की मी गुंजनले घेऊन रस्त्याच्या पल्याड होते. मग नकाशात तिच्यासाठी डाळ कशाले वाया घालवायची?

"काहून वं गुंजन, रस्ता चुकली काय?" सत्यवतीचा आवाज गल्लीभर.

"मी नाही चुकली, लहान आजी. नकाशा चुकला."

सत्यवती फाटकात आली. "जाऊबाई, जित्या माणसाले नकाशातून उडवता काय?"

मी आकाशाकडं पाहिलं. ऊन बरं होतं.

गुंजन काठी आपटत परत आली. "आजी, ताटात मीठ वाढायले विसरली तू."

"मीठ नाही, मिरची आहे ते. तीही फिकी."

तरी चिकटवली एक डाळ. गुंजननं चाचपली. "ही तर अर्धीच आहे!"

कार्टीचं बोट आहे का तराजू? अख्खी लावली.

मग पोट्टी पुन्हा निघाली, चक्की, सत्यवती, अन् बरोब्बर मेघाच्या दारात. तिथून ओरडली, "आजी, पोचली!" मी पदरानं डोळे पुसले. चक्कीचं पीठ उडते ना.

परत येताना मात्र सत्यवतीकडं चिवडा खाऊन आली. मी काही बोलायच्या आत म्हणते, "नकाशात आहे ना वं घर!"