भोगीची झाडझूड

निवृत्तीनंतर हरिप्रसादला कुंभकोणमच्या घरात करमेना. म्हणून त्याने मुलीचा जुना संगणक उघडला, त्यात दोन मोठ्या डिस्क बसवल्या आणि घरातच सर्व्हर उभा केला. सिनेमे, लग्नाचे फोटो, घराची कागदपत्रं, सगळं त्यात. इथे टीव्हीवर बघा, चेन्नईत मुलीने फोनवर बघावं. एका डिस्कवर जे, तेच दुसरीवर. एक बिघडली तरी दुसरी आहेच, हे त्याने भाजीवालीलासुद्धा सांगायचं सोडलं नव्हतं.

त्यातलं खरं मोलाचं होतं ते आईचं. त्रिपुरसुंदरीबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. तंजावरकडच्या जुन्या मराठीतले पाळणे आणि ओव्या, त्यांच्या आवाजात, अकरा कॅसेटींवर होते. गेल्या मे महिन्यात हरिप्रसादने ते सर्व्हरवर चढवले. आणि आज भोगी, जुनं टाकायचा दिवस, म्हणून पहाटे त्या अकराही कॅसेटी फाटक्या चटईबरोबर दारापुढे जाळल्या. प्लास्टिक जाळू नका म्हणून महापालिकेची गाडी ओरडत गेली, पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. वर चेन्नईला मुलीला, अक्षयाला, फोन करून सांगितलं, सर्व्हर भरत आलाय, आज तोही झाडून काढ.

दुपारी तिरुविडैमरुदूरहून बसने महालक्ष्मीमावशी आली. आईची धाकटी बहीण, वय ब्याऐंशी. बहिणीचा आवाज ऐकायचा, एवढ्याच कामाला आली होती. हरिप्रसादच्या बायकोने, विजयलक्ष्मीने, टीव्हीसमोर खुर्ची मांडली आणि जेवायला वाढू का विचारलं.

"आदीं अक्काचा आवाज," मावशी म्हणाली. "जेवण मागून."

हरिप्रसादने रिमोट घेतला. सिनेमे दिसले, फोटो दिसले. आईचा फोल्डर दिसेना. त्याने टीव्ही बंद करून पुन्हा लावला, मग आत जाऊन संगणकावरच शोधलं. पहिल्या डिस्कवर नाही म्हणजे दुसरीवरही नाही. एकीवरचं गेलं ते दुसरीने त्याच क्षणी इमानेइतबारे पुसलं होतं. पुसलेलं परत मिळायची सोय जागा खाते म्हणून त्यानेच बंद ठेवली होती. आणि सकाळी मोकळ्या झालेल्या जागेत आनंदाने चाळीस सिनेमे भरले होते.

बाहेर येऊन त्याने अक्षयाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"अक्षया, 'टेप' नावाचा फोल्डर कोठें गेला?"

"तो मी काढला, अप्पा. का?"

"त्यांत आजी होती गे."

ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "मजला ठाऊक नव्हतें, अप्पा. कोणी एकदाही उघडलें नाही तें टाकायचें ठरवलें. त्या फोल्डरापुढें तसेंच लिहिलें होतें, कधींच उघडला नाही. आठ महिने घरांत कोणीच उघडला नाही काय?"

विजयलक्ष्मीने नवऱ्याकडे पाहिलं. मावशी मात्र शांत होती. गेलं ते गेलं, निदान पोराच्या कानात असेल, असं तिला वाटत असावं.

"राहूं दे रे," ती म्हणाली. "आमची आई मजला थोपटून एक पाळणा म्हणत होती. अक्काशिवाय तो कोणालाच येत नव्हता. तो होता काय त्यांत? पहिली ओळ सांग, पुरे."

अकरा कॅसेटी, सोळा तास. सर्व्हरवर चढवताना एकेक लावून हरिप्रसाद शेजारीच बसला होता, पण क्रिकेटची मॅच चालू होती, म्हणून आईचा आवाज त्याने बंद ठेवला होता.

"आइकला नाही, मावशी," तो म्हणाला.